सौर वीज स्वस्त असताना अणुवीज कशाला, आणि किती

प्रश्न असा आहे: सौर वीज अडीच रुपये युनिटच्या आसपास मिळत असताना भारताने अणुवीज वाढवायची कशाला? २०४७ पर्यंत १०० गिगावॉट (एक गिगावॉट म्हणजे हजार मेगावॉट) हे सरकारचे लक्ष्य गाठता येईल का? आणि कोकणातल्या रखडलेल्या जैतापूर अणुप्रकल्पाचे काय? तिन्ही प्रश्न वेगळे दिसतात, पण तिन्हींचे उत्तर एकाच जागी येऊन अडते. पायाचे पहिले काँक्रीट पडल्यापासून केंद्रातले युनिट, म्हणजे एक भट्टी आणि तिचा वीजसंच, ग्रिडला वीज देऊ लागेपर्यंत किती वर्षे जातात, तिथे. भट्टीचे भौतिकशास्त्र आपल्याला पन्नास वर्षांपासून येते. वेळेत बांधणे मात्र कधी जमले आहे, कधी नाही.

आधी आज कुठे आहोत ते पाहू. रावतभाट्याचे सातवे युनिट एप्रिल २०२५ मध्ये व्यावसायिक उत्पादनात आले आणि देशाची अणुक्षमता ८,८८० मेगावॉट झाली. त्यात २००४ पासून बंद असलेले रावतभाट्याचेच १०० मेगावॉटचे पहिले युनिटही धरलेले असते. २०२४-२५ मध्ये अणुकेंद्रांनी ५,६०० कोटी युनिटांहून जास्त वीज दिली, तरी देशाच्या एकूण विजेतला तो वाटा जेमतेम तीन टक्के. तारापूरची पहिली दोन युनिटे १९६९ ची. म्हणजे साडेपाच दशकांत आपण इथवर आलो.

आता सौर विजेशी तुलना. दुपारी बाराच्या युनिटला सौर विजेशी दरात टक्कर देणे अणुवीजच काय, बहुतेक कोळसा केंद्रांनाही जमत नाही, आणि तसा प्रयत्न करण्यात अर्थही नाही. महाराष्ट्रात कृषिपंपांचे फीडर दिवसा सौर विजेवर नेण्याचे काम चालू आहे, ते योग्यच आहे. खरी अडचण संध्याकाळी सुरू होते. ऑक्टोबरचा महिना डोळ्यांसमोर आणा. पाऊस गेलेला, सातारा-धुळ्याकडच्या पवनचक्क्यांचा वारा पडलेला, उकाडा वाढलेला, शेतीला पाण्याची गरज सुरू झालेली, आणि सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो. साडेसहा ते अकरा या वेळात घरांचे दिवे, पंखे, एसी आणि उपसा योजना एकदम अंगावर येतात. तेव्हा वीज देणारे काहीतरी लागते. आज ते काम कोळसा करतो, थोडे कोयनेसारखे जलविद्युत प्रकल्प.

बॅटरीने हे चार-पाच तास भरून काढता येतील, आणि बॅटरीचे दर ज्या वेगाने उतरले आहेत ते पाहता येत्या दहा वर्षांत संध्याकाळचा बराच भाग बॅटरीच उचलेल असे मला वाटते. अणुवीजवाल्यांनी हे मोकळेपणाने मान्य करावे. बॅटरीला जे परवडत नाही ते म्हणजे रात्री अकरा ते सकाळी सहाचा सलग भार, ढगाळ आठवडे, आणि पोलाद-सिमेंट-रसायनांचे कारखाने, ज्यांना चोवीस तास एकसारखी वीज लागते. ही तळाची मागणी कोळशाशिवाय भागवायची असेल तर पाणी आणि अणू हे दोनच मोठे पर्याय उरतात, आणि मोठी धरणे बांधायच्या जागा संपत आल्या आहेत.

"मग अणुकेंद्र दुपारी कमी करा आणि संध्याकाळी वाढवा" असे हमखास सुचवले जाते. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांना (न्यूट्रॉनचा वेग कमी करायला जड पाणी वापरणाऱ्या) ते अवघड जाते. युरेनियम फुटले की आयोडिन-१३५ तयार होते, त्याचे काही तासांत झेनॉन-१३५ बनते, आणि झेनॉन न्यूट्रॉन अक्षरशः गिळतो. भट्टी पूर्ण क्षमतेने चालू असते तेव्हा झेनॉन जितका बनतो तितकाच न्यूट्रॉन खाऊन जळतोही, त्यामुळे तोल राहतो. भट्टी ट्रिप झाली, म्हणजे अचानक बंद पडली, की जळणे थांबते, पण साठलेल्या आयोडिनपासून झेनॉन बनतच राहतो. अर्ध्या-पाऊण तासात भट्टी परत उचलता आली नाही तर ती 'पॉयझन आउट' होते. मग कंट्रोल रूममध्ये कोणी कितीही घाई केली तरी दीड दिवस थांबावेच लागते, झेनॉन आपोआप विरेपर्यंत. नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या भट्टीत हाताशी जादा रिअ‍ॅक्टिव्हिटी (साखळी-विखंडन वाढवायची ताकद) फारच थोडी असते, म्हणून हा त्रास आपल्याकडे जास्त. फ्रान्समध्ये समृद्ध युरेनियमच्या भट्ट्या दिवसातून दोनदा वरखाली करतात, पण त्यांच्या रचनेत ती सोय पहिल्यापासून आहे. आपल्याकडे शहाणपणाचा मार्ग वेगळा: अणुकेंद्र एकसारखे चालू द्यायचे आणि दुपारच्या जादा विजेने घाटात पाणी वर चढवायचे. घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प हेच करतो. सह्याद्रीचा कडा अशा प्रकल्पांना फार सोयीचा आहे, आणि अणुवीज व सौर वीज या दोघींनाही त्याचा सारखाच उपयोग आहे.

भारताच्या भवितव्याचा कणा म्हणजे ७०० मेगावॉटची स्वदेशी जड पाण्याची भट्टी. तिचे आकडे नीट माहीत असले की पुढची चर्चा सोपी होते. औष्णिक शक्ती २,१६६ मेगावॉट, त्यातून वीज ७००. म्हणजे एक तृतीयांशापेक्षा थोडी कमीच वीज होते आणि बाकीची उष्णता पाण्यात किंवा हवेत सोडावी लागते. गाभ्यात ३९२ आडव्या नळ्या, प्रत्येक नळीत अर्ध्या मीटर लांबीची १२ इंधन-बंडले, एकूण ४,७०४. एक बंडल ३७ कांड्यांचे, वजन तेवीस-चोवीस किलोंच्या घरात. भट्टी चालू असतानाच दोन्ही टोकांना यंत्रे लावून रोज साधारण दोन नळ्यांतली मिळून सोळा बंडले बदलतात. वर्षाला शंभर टनांच्या आत युरेनियम लागते. तेवढीच वीज कोळशातून काढायची तर दर युनिटला ७०० ग्रॅम धरून वर्षाला ३६ लाख टन कोळसा जाळावा लागेल, म्हणजे मालगाडीच्या नऊशेच्या आसपास रेक. अणुवीज स्वच्छ की अस्वच्छ हा वाद घालताना चंद्रपूरच्या राखेच्या तळ्यांकडे एकदा पाहावे आणि मग शंभर टनांचा विचार करावा.

पाण्याचा हिशेबही इथेच सांगतो, कारण नदीकाठच्या प्रकल्पांवरचे निम्मे वाद पाण्याचे असतात. शीतन मनोऱ्यावर चालणाऱ्या एका ७०० मेगावॉट युनिटचे वर्षाला साधारण अर्धा टीएमसी पाणी वाफ होऊन जाते. चार युनिटांचे केंद्र म्हणजे दोन टीएमसी, मनोऱ्यातून बदलावे लागणारे पाणी वेगळे. कोळसा केंद्रालाही पाणी लागते, पण दर युनिटमागे अणुकेंद्राला त्याहून जास्त, कारण वाफेचे तापमान कमी आणि कार्यक्षमता कमी. दुष्काळी वर्षात धरणातून आधी कोणाला पाणी सोडायचे हे प्रकल्प मंजूर होण्यापूर्वी कागदावर ठरलेले असले पाहिजे.

पैसा कुठे जातो

अणुवीज महाग का स्वस्त, याचे उत्तर इंधनात नाही. इंधनाचा वाटा कमी असतो, भांडवलाचा प्रचंड. राजस्थानातल्या माही-बांसवाडाच्या चार ७०० मेगावॉट युनिटांचा खर्च सुमारे ४२,००० कोटी रुपये सांगितला गेला आहे, म्हणजे मेगावॉटला १५ कोटी. व्याज, घसारा आणि भागभांडवलावरचा परतावा मिळून भांडवलाच्या साडेअकरा टक्के दरवर्षी वसूल करायचे असे ढोबळ धरा. एक मेगावॉट ८५ टक्के लोडवर वर्षाला ७४ लाख युनिटे देतो. भागाकार केला की भांडवलापोटी २ रुपये ३० पैसे येतात. इंधन, जड पाणी, देखभाल आणि केंद्र मोडीत काढण्याच्या निधीचे दोन पैसे धरून वर आणखी दीड-दोन रुपये. चार रुपयांच्या आसपास चोवीस तास मिळणारी वीज वाईट नाही. साठवणुकीसह सौर विजेच्या शेजारी ती उभी राहू शकते.

आता हाच हिशेब एका वर्षाच्या उशिराने करून पाहा. एका युनिटचे भांडवल १०,५०० कोटी, त्यात ७० टक्के कर्ज म्हणजे ७,३५० कोटी. नऊ टक्क्यांनी वर्षाचे व्याज ६६० कोटी. सगळे कर्ज उचलून झाल्यावर काम रखडले तर हे व्याज भांडवलात मिळते आणि युनिटच्या दरात जवळजवळ १५ पैशांची भर कायमची पडते. पाच वर्षे रखडले तर, व्याजावरचे व्याज धरून, रुपयाच्या जवळ. प्रकल्प रखडला की "थोडा उशीर झाला, पण झाला ना" असे आपण म्हणतो, आणि त्या उशिराचे पैसे ग्राहक पुढची चाळीस वर्षे भरत राहतो.

हा उशीर अटळ आहे का? नाही, आणि त्याचा पुरावा पालघर जिल्ह्यातच आहे. तारापूरच्या ५४० मेगावॉटच्या चौथ्या युनिटचे पहिले काँक्रीट मार्च २००० मध्ये पडले आणि मार्च २००५ मध्ये ते क्रिटिकल झाले, म्हणजे भट्टीत साखळी-विखंडन आपले आपण चालू राहू लागले. पाच वर्षे. त्यानंतर गुजरातेतल्या काक्रापारचे तिसरे युनिट, ७०० मेगावॉटचे पहिलेच: काँक्रीट नोव्हेंबर २०१०, क्रिटिकल जुलै २०२०, ग्रिडला जोडले जानेवारी २०२१ मध्ये, आणि व्यावसायिक उत्पादन ३० जून २०२३. साडेबारा वर्षे. त्याचे जुळे चौथे युनिट मार्च २०२४ मध्ये आले.

काम कुठे अडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. ३९२ नळ्यांच्या प्रत्येक टोकाला एक, असे ७८४ फीडर पाइप असतात, नळ्यांत जड पाणी आणणारे आणि तापलेले पाणी बाहेर नेणारे. जागा इतकी दाटीची की ते वळणे घेत एकमेकांच्या अंगाखांद्यावरून जातात. एक चुकीच्या क्रमाने बसला तर मागचे दहा काढावे लागतात. प्रत्येक जोडाचे वेल्डिंग, त्याची रेडिओग्राफी, फिल्म नापास झाली की जोड कापून पुन्हा. झिर्कोनियमची दाबनळी (गाभ्यातली इंधनाची आडवी नळी) आणि पोलादाचे एंड-फिटिंग यांना वेल्ड करता येत नाही, म्हणून नळी आतून रोलरने फुगवून फिटिंगच्या खाचांत बसवतात. असे जोडही ७८४, आणि प्रत्येकाची गळती-चाचणी. हे काम धूळरहित वातावरणात, हातमोजे घालून चालते, कारण नळीच्या अंगावर राहिलेला छोटासा ओरखडाही वीस वर्षांनी तड्याचे मूळ ठरू शकतो. असा वेल्डर दोन-तीन वर्षांत तयार होतो. एक प्रकल्प संपल्यावर पुढचा दहा वर्षे सुरूच झाला नाही तर तो माणूस आखातात किंवा रिफायनरीवर निघून जातो आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिलीपासून शिकवावे लागते.

कारखान्यांचेही तेच. वालचंदनगर, पवई, हजिरा इथल्या शॉपमध्ये कॅलँड्रिया (गाभ्याचे मोठे भांडे), एंड-शील्ड (त्याच्या टोकांच्या जाड ढाली), वाफजनित्रे बनतात. एखादे अवजड फोर्जिंग अल्ट्रासॉनिक चाचणीत नापास झाले की बदली तुकडा मिळायला वर्ष जाते. दहा वर्षांत दोन सुटी युनिटे मागवली तर कोणीही नवी यंत्रसामग्री घेणार नाही. दहा युनिटांची मागणी एकदम आली तर घेईल. मे २०१७ मध्ये केंद्राने दहा ७०० मेगावॉट युनिटांना एकत्र, म्हणजे 'फ्लीट' म्हणून, मंजुरी दिली ती याच कारणाने. कैगा, गोरखपूर (हरियाणातले), चुटका आणि माही-बांसवाडा. निर्णय अगदी बरोबर होता. पण मंजुरीनंतर माही-बांसवाडाच्या पायाभरणीलाच सप्टेंबर २०२५ उजाडला. भूसंपादन, पुनर्वसन, पर्यावरण परवानगी ही कामे मंजुरीच्या आधी उरकलेली नसतील तर 'फ्लीट' हा शब्द कागदावरच राहतो.

पहिल्या नगाच्या वेगळ्या अडचणी असतात त्या निराळ्या. काक्रापार-३ मध्ये क्रिटिकल झाल्यावर भट्टीच्या इमारतीतल्या काही भागांत तापमान अपेक्षेपेक्षा जास्त आढळले आणि ते निस्तरण्यात वेळ गेला. हे शिकून झाले, त्याची किंमत मोजून झाली. आता पुढच्या नगांना त्याचा फायदा मिळाला नाही तर दोष रचनेचा नव्हे, व्यवस्थेचा.

एकाच साच्यातल्या भट्ट्यांचा धोका

साचा एक असला की चूकही एकच असते, आणि ती सगळीकडे असते. काक्रापारच्या जुन्या २२० मेगावॉट युनिटांचे उदाहरण घ्या. १ जुलै २०१५ ला दुसऱ्या युनिटमध्ये एक नळी गळली आणि ११ मार्च २०१६ ला पहिल्यात. दाबनळीच्या बाहेरून आणखी एक नळी असते, दोहोंमधल्या फटीत कार्बन डायऑक्साइड खेळवतात, म्हणजे गळतीचा ओलावा लगेच कळतो. तपासात दाबनळीच्या बाहेरच्या अंगाला गाठीगाठींचा गंज सापडला, आणि संशय त्या वायूतल्या अशुद्धीवर आला. आतून नळ्यांची तपासणी नियमाने होत होती. गंज बाहेरून आला. आपत्कालीन शीतन चालले, बाहेर किरणोत्सर्गाचा धोका झाला नाही, पण दोन्ही युनिटे प्रत्येकी तीन वर्षांहून जास्त बंद राहिली. कोट्यवधींचा ऐवज वायूच्या शुद्धतेसारख्या बारीक गोष्टीवर अवलंबून होता.

फ्रान्सला याचा मोठा फटका २०२२ मध्ये बसला. काही भट्ट्यांच्या शीतन पाइपांत ताण-गंजाचे तडे आढळले, सारख्या रचनेच्या म्हणून बाकीच्याही तपासाव्या लागल्या, आणि त्या वर्षी अणुवीज तीन दशकांतल्या नीचांकावर गेली. म्हणून फ्लीट उभारताना पहिल्या युनिटची तपासणी दुप्पट काटेकोर हवी, आणि तिचे निष्कर्ष बाकीच्या केंद्रांना आठवड्यात कळले पाहिजेत.

सुरक्षेबद्दल बोलताना लोक चेर्नोबिल आणि फुकुशिमाची नावे घेतात. आपल्याकडच्या अभियंत्याने मात्र उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रातला अपघात पाठ करावा. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे पहिल्या युनिटच्या टर्बाइनची शेवटच्या टप्प्यातली दोन पाती थकव्याने तुटली. रोटरचा तोल गेला, जनित्राच्या थंडाव्यासाठी असलेला हायड्रोजन बाहेर पडला, त्याने आणि वंगणतेलाने पेट घेतला. मुख्य आणि पर्यायी अशा दोन्ही वीजपुरवठ्यांच्या केबल एकाच मार्गाने गेल्या होत्या. दोन्ही जळाल्या. डिझेल जनित्रे शाबूत असूनही त्यांची वीज पंपांपर्यंत पोहोचेना. सतरा तास केंद्र अंधारात होते, कंट्रोल रूम धुराने भरली म्हणून सोडावी लागली. चालकांनी मिनिटाच्या आत भट्टी बंद केली होती, पण बंद भट्टीतही सुरुवातीला सहा-सात टक्के उष्णता निघतच असते. माणसे टॉर्च घेऊन वर चढली, न्यूट्रॉन शोषणारे बोरॉन सोडणाऱ्या झडपा हाताने उघडल्या, आणि डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी वाफजनित्रांत पाणी घातले. गाभा वाचला, किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. त्यानंतर सगळ्या केंद्रांत केबलचे मार्ग वेगळे केले, मध्ये आगरोधक भिंती घातल्या, पाती बदलली. भट्टीचे अतिसुरक्षित तंत्र टर्बाइन हॉलमधल्या केबल ट्रेवरून हरू शकते, हे विसरता कामा नये. नव्या खासगी चालकांनी परवाना मागितला तर त्यांना पहिला प्रश्न याच प्रकाराचा विचारावा.

युरेनियम आणि थोरियम

आपले युरेनियम कमी आणि हलक्या प्रतीचे. २००८ मध्ये भारताला अणुव्यापाराची आंतरराष्ट्रीय सवलत मिळण्याआधी इंधनाअभावी चांगली केंद्रेही निम्म्या क्षमतेने चालवावी लागली होती. आता कझाकस्तान, रशिया, कॅनडा यांच्याकडून आयात होते, आणि आंतरराष्ट्रीय देखरेखीखालच्या केंद्रांना ती वापरता येते. शंभर गिगावॉट जड पाण्याच्या भट्ट्यांचे झाले तर वर्षाला १४,००० टनांच्या घरात युरेनियम लागेल. एवढे इंधन दरवर्षी आयात करायचे तर पाच-दहा वर्षांचा साठा देशात हवा. अणुइंधनाला जागा कमी लागते म्हणून हे शक्य तरी आहे. कोळसा किंवा वायू असा साठवता येत नाही.

थोरियमबद्दल अपेक्षा फार, माहिती कमी. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या वाळूत ते भरपूर आहे, पण थोरियम स्वतः जळत नाही. आधी भट्टीत ठेवून त्याचे युरेनियम-२३३ करावे लागते, आणि सोबत येणाऱ्या युरेनियम-२३२ च्या तीव्र गॅमा किरणांमुळे ते इंधन जाड भिंतींआडून यंत्रहातांनीच घडवावे लागते. त्याआधी शीघ्र प्रजनक भट्ट्यांचा, म्हणजे जळते त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या भट्ट्यांचा, टप्पा आहे. कल्पाक्कमच्या ५०० मेगावॉट भट्टीचे बांधकाम २००४ चे, गाभा भरायला सुरुवात मार्च २०२४ मध्ये. तिला थंड ठेवणारा द्रव सोडियम हवेत पेटतो, पाण्याशी स्फोटक वागतो, आणि वाफजनित्रात दोहोंच्या मध्ये फक्त नळीची भिंत असते. सावकाश जाणेच बरोबर. पण मग २०४७ च्या विजेत थोरियमचा वाटा धरू नका. महाजनको या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये रोसाटोम या रशियन सरकारी अणुकंपनीशी थोरियमवरच्या छोट्या भट्टीसाठी सामंजस्य करार केला. संशोधन म्हणून त्याचे स्वागत, वीज खरेदीच्या नियोजनात त्याला जागा नाही.

जैतापूर

माडबनच्या सड्यावर १,६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच ईपीआर (दाबयुक्त साध्या पाण्याच्या) भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट. मूळ करार डिसेंबर २०१० चा, ईडीएफ या फ्रेंच सरकारी वीज कंपनीचा तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव एप्रिल २०२१ चा. घोडे अडले आहे ते दरावर. हीच भट्टी फ्रान्सच्या फ्लामानव्हिलमध्ये २००७ मध्ये सुरू झाली, २०१२ मध्ये व्हायची होती, डिसेंबर २०२४ मध्ये ग्रिडला जोडली. ईडीएफनेच सांगितलेला खर्च १३.२ अब्ज युरो. युरोला ९० रुपये धरले तरी मेगावॉटला ७० कोटींच्या वर. वरच्याच रीतीने भागाकार केला तर नुसत्या भांडवलाचे युनिटमागे ११ रुपये. भारतात मजुरी स्वस्त, सहा युनिटे एकत्र, म्हणून खर्च निम्म्यावर आला असे उदारपणे धरले तरी इंधनासह सात रुपये होतात. इतकी महाग वीज महावितरणच्या माथी पंचवीस वर्षे मारणे योग्य नाही. चीनच्या ताईशानमध्ये दोन ईपीआर २०१८-१९ पासून चालू आहेत, म्हणजे यंत्र चालते. किंमत आणि वेळ यांची लेखी हमी मिळत नाही तोवर सही करू नये, एवढेच माझे म्हणणे.

स्थानिकांच्या शंकांकडे 'विरोध' म्हणून पाहणे ही चूक आहे. सहाही युनिटे समुद्राच्या पाण्याने थंड करायची आणि पाणी सात अंशांनी तापवून सोडायचे धरले तर सेकंदाला ६०० घनमीटरच्या आसपास पाणी लागते. साखरीनाटेच्या मच्छीमाराने माशांचे काय होणार हे विचारणे अगदी रास्त आहे. उत्तर म्हणून तापमानाची रोजची मोजणी, ती मोजणी बंदरावर फलकावर लावणे, आणि मर्यादा ओलांडली तर युनिटचा लोड उतरवायची अट हवी. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठवले, त्यांच्या पुनर्वसनाची गाऱ्हाणी वर्षानुवर्षे चालली. कोकणात ती माहिती सगळ्यांना असते. तिथली घरे, नळपाणी आणि नोकऱ्यांची प्रकरणे आधी पूर्ण केली असती तर माडबनमध्ये बोलणी निराळी झाली असती.

छोट्या भट्ट्या, कायदा आणि शंभर गिगावॉट

२०२५ च्या अर्थसंकल्पात छोट्या भट्ट्यांच्या संशोधनाला २०,००० कोटी आणि २०३३ पर्यंत किमान पाच स्वदेशी भट्ट्या असे जाहीर झाले. यात दोन गोष्टींची गल्लत होते. भाभा अणुसंशोधन केंद्राची २०० मेगावॉटची नवी रचना अजून बांधायची आहे. २२० मेगावॉटची 'भारत स्मॉल रिअ‍ॅक्टर' ही मात्र जुनीच, पंधराएक नग चालवून पाहिलेली जड पाण्याची भट्टी आहे, पोलाद किंवा अ‍ॅल्युमिनियम कारखान्याला स्वतःसाठी. जुन्या कोळसा केंद्राच्या जागेवर पाणी, पारेषण वाहिनी आणि जमीन तयार असते, तिथे ती बसू शकते. विजेच्या दर युनिटमागे ती ७०० मेगावॉटच्या भट्टीपेक्षा स्वस्त पडणार नाही, कारण सुरक्षारक्षक, कंट्रोल रूम, परवानाधारक चालक दोन्हीकडे जवळपास तितकेच लागतात.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने 'शांती' कायदा केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा नुकसानभरपाईचा कायदा त्यात विलीन झाले, खासगी कंपन्यांना दार उघडले, अणुऊर्जा नियामक मंडळाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. पुरवठादाराकडून भरपाई वसूल करण्याचा हक्क आता मुख्यतः करारात लिहिले असेल तरच. तो हक्क सैल करणे मला पटलेले नाही. सदोष नळी देणाऱ्याने तिची जबाबदारी घेतली पाहिजे, आणि सरकारी खरेदीच्या प्रत्येक करारात ते कलम घालता येते, घालावे.

कचऱ्याबद्दल थोडक्यात: वापरलेले इंधन वर्षानुवर्षे पाण्यात थंड होते, मग ट्रॉम्बे, तारापूर, कल्पाक्कम इथे त्याचे पुनर्प्रक्रियण होऊन उरलेला तीव्र कचरा काचेत गोठवतात. आज तो लहान जागेत सांभाळता येतो. खोल भूगर्भातले कायमचे साठवण आपल्याकडे नाही, आणि दहापट भट्ट्या लावायच्या तर ते काम आताच सुरू व्हायला हवे.

राहिले शंभर गिगावॉट. ९१ गिगावॉटची भर २२ वर्षांत म्हणजे दरवर्षी ७०० मेगावॉटची सहा युनिटे पूर्ण. गेल्या पाच वर्षांत मिळून तीन झाली. फ्रान्सने १९७४ नंतर दीड दशकात अशी गती गाठली होती, एका सरकारी कंपनीने, दोन-तीन ठरलेल्या साच्यांत. आपण २०३२-३५ पर्यंत २० गिगावॉटच्या आसपास पोहोचलो आणि तोवर बांधकाम सहा वर्षांवर आणले, तर २०४७ ला ४० ते ५० गिगावॉट मला शक्य वाटते. शंभर झाले तरी, मागणी आजच्या अडीचपट धरली तर, तो एकूण विजेचा सोळा-सतरा टक्के वाटा असेल. बाकीचे सौर, वारा, पाणी आणि साठवण. पन्नासच झाले तर आठ टक्के, तरीही रात्रीच्या कोळशातला मोठा हिस्सा त्यातून सुटतो.

बातम्या वाचताना पायाभरणीच्या समारंभाची तारीख सोडून द्या. पहिल्या काँक्रीटची तारीख लिहून ठेवा आणि क्रिटिकॅलिटीच्या तारखेपर्यंत महिने मोजा. तारापूर-४ ला साठ लागले, काक्रापार-३ ला ११६. माही-बांसवाडाच्या पहिल्या युनिटला सत्तर लागले तर वरचा चार रुपयांचा दर टिकेल आणि माझा पन्नासचा अंदाज कमी ठरेल. पुन्हा शंभरावर गेले तर तो जास्त ठरेल, आणि रात्रीची वीज त्या वेळीही कोळशाचीच असेल.